उधाणाच्या दिवशीचा हरताळ

माझ्या वडलांच्या जहाजाला दोन शिंगं होती. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, म्हणून आधीच खुलासा करते. नौदलाच्या गोदीत त्या काळी एक जुनं, रुंद, बेढब जहाज होतं. त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बाहेर आलेले दोन जाड लोखंडी बाहू होते आणि त्यांच्यामधून साखळदंड पाण्यात सोडायचे नाहीतर वर ओढायचे. लढाऊ जहाजं बंदरात उभी राहतात ती बोयाला बांधून, आणि तो तरंगता बोया जागेवर राहतो तो खाली चिखलात रुतवलेल्या नांगरांच्या जिवावर. ते नांगर टाकायचे, साखळ्या ठरल्या वेळी वर काढून खरवडायच्या, कुठली कडी झिजली ते मोजायचं, आणि बंदरात काही बुडालं तर ते वर काढायचं, ही सगळी कामं या जहाजाची. सरकारी कागदावर त्याचं नाव इंग्रजी आणि रुबाबदार होतं. खलाशी त्याला ‘म्हैस’ म्हणायचे. बाबा त्या म्हशीवर टंडेल होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांच्या अंगावर गणवेश कधी नव्हता. खाकी चड्डी, बंडी आणि डोक्याला बांधलेला पंचा घालून ते कामावर जायचे, आणि लहानपणी मला त्याचीही थोडी लाज वाटायची, कारण चाळीत ‘वडील नौदलात आहेत’ असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं.

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली, तिच्या कोपऱ्यात मोरी, बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी. त्यात आई, बाबा, मी आणि धाकटे दोघे भाऊ. सकाळ गिरणीच्या भोंग्याने व्हायची. भोंग्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता, पण आई चुलीवरून चहा उतरवायची ती भोंग्याच्याच हिशोबाने. बाबा घरी असले की दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांना आमच्या घरातलं सगळं कळायचं. जन्मभर साखळ्या ओढणाऱ्या विंचच्या खडखडाटात उभं राहून त्यांचा आवाज चढला होता. मीठ मागितलं तरी ते भांडताहेत असं वाटायचं. उलट डेकवर त्यांना आवाजाचा उपयोगच नसे, तिथे सगळं हाताच्या खुणांवर चाले. बोट वर करून फिरवलं की ओढा, तळवा खाली दाबला की सोडा, मूठ वर केली की जिथे असाल तिथे थांबा. त्या खुणा त्यांनी घरी आणल्या होत्या. आई भात वाढत असली की मूठ वर, धाकटा रडायला लागला की तळवा खाली. आईला ह्याचा भारी राग. “मी काय तुमची म्हस हंय?” असं ती म्हणायची आणि मुद्दाम आणखी एक डाव भात वाढायची.

साखळ्या वर काढण्याचे दिवस आले की आमच्या घरी चंगळ असे. पाण्याखाली राहिलेल्या साखळीवर कालवं धरतात, कडी दिसेनाशी होते इतकी. खलाशी ती खरवडून डेकवर टाकत आणि त्यातली चांगली निवडून बाबा डबा भरून आणत. आई आधी डब्यात नाक घालून रंगाचा वास तर येत नाही ना ते बघायची, मग कांदा-खोबऱ्याचं वाटप लावून दोन आमसुलं टाकून तिखलं करायची. त्या रश्शाला किंचित लोखंडाची चव असे असं मला अजून वाटतं, आणि धाकटा भाऊ म्हणतो की हे मी मनाने रचलेलं आहे. असेल. पण आज कुणी त्या बंदरातली कालवं आणून दिली तर मी मांजरालाही घालणार नाही, हेही खरं.

त्या वर्षांत मुंबईसह महाराष्ट्राच्या मागणीने सगळ्या गिरणगावची हवाच तापलेली होती. मी मॅट्रिक होऊन शिकवण्या करत होते आणि उरलेला सगळा वेळ आमच्या भागातल्या महिला समितीत घालवत होते. आमच्या प्रमुख कमलताई दादरच्या. शाळेत शिकवत, स्वच्छ बोलत, पांढरं पातळ नेसत. त्यांनी एकदा ‘सुधा, तू छान बोलतेस’ असं म्हटलं आणि मी त्यांची झाले. बाबांना वाचता येत नसे. रोज संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायची, आणि गोळीबाराची बातमी आली की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आधीच्या प्रत्येक हरताळाला ते घरी बसले होते. हे मी इथेच स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यात ‘बाबांना चळवळीचं काही नव्हतं’ अशी पळवाट मला नको आहे.

त्या सुमाराला गोदीच्या तोंडाशी लोखंडाने भरलेला एक बार्ज बुडाला. तीन खलाशी पोहून आले. चौथा, दत्ताराम, देवगडकडचा, मागच्या केबिनमध्ये झोपला होता, तो आत राहिला. पाणबुड्याने खाली जाऊन बघितलं, तर बार्ज कलता होऊन केबिनचं दार चिखलात गेलेलं. वर उचलल्याशिवाय माणूस निघणार नव्हता. दत्तारामची बायको गावाहून आली. गाववाल्यांच्या खोलीत वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपणारे, तिथे बाईमाणसाला कुठली जागा? ती दिवसभर गोदीच्या फाटकाशी बसून राहायची आणि रात्री कुणीतरी तिला कुठेतरी नेऊन निजवायचं. बाबा घरी येऊन हे सांगत तेव्हा जेवताना मध्येच हात थांबवत.

एवढं जड धूड कुठलंही इंजिन उचलत नाही, ते समुद्रच उचलतो. ही युक्ती बाबांनी मला पाटावर बसून, ताट आणि दोन वाट्या मांडून समजावली होती. पूर्ण ओहोटीला बुडलेल्या बार्जच्या खालून जाड वायरी घालायच्या आणि वरच्या जहाजाला ताणून बांधायच्या. मग थांबायचं. भरती चढते, तसं जहाज चढतं, आणि खालचा बार्ज चिखलातून सुटून त्याच्याबरोबर वर येतो. तेवढ्यात तो उथळ पाण्यात ओढून न्यायचा. पण साध्या भरतीचं हे काम नव्हे, त्याला अमावास्या-पुनवेचं उधाण लागतं. आणि येणारं उधाण नेमकं हरताळाच्या दिवशी होतं.

आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले, “उद्या माका जाऊचा लागतला.”

“उद्या हरताळ आहे, बाबा.”

“ता माका म्हायत हा. पण उधाणय उद्याच हा. पाणी काय तुमच्या समितीक इचारून चढता?”

“एक दिवस नाही गेलात तर काय होईल? दुसरा कुणी टंडेल नाही का?”

“वायरी माझ्या हातच्यो हत. आणि एक दिवस नाय गो बाय, पंदरा दिवस. फुडल्या उधाणापर्यंत. पंदरा दिवसांनी त्या बायेच्या हातात काय देऊचा?”

आई चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, “जावा तुमी. मी भाकरी बांधून देतंय.” म्हणजे मला सगळं माहीत होतं. ते का गेले, कुणासाठी गेले, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. झुंजुमुंजू व्हायच्या आधी ते भाकरीचं फडकं घेऊन चालत फोर्टाकडे निघाले, कारण ट्राम-बस बंदच असणार होत्या. मी जागी होते. डोळे मिटून पडून राहिले.

दुपारी समितीच्या खोलीत आम्ही दहा-बारा जणी जमलो होतो. हरताळ कडकडीत झाला होता, आणि आता जे कामावर गेले त्यांना बांगड्यांचा आहेर करायचा होता. ही पद्धत कुणाला शिकवावी लागत नव्हती. कचखाऊ पुरुषाच्या घरी वाजतगाजत जायचं, ताटात हिरव्या बांगड्या आणि हळदकुंकू, आणि दारात उभं राहून ते त्याच्यापुढे धरायचं. बांगड्यांसाठी कासाराकडे गेलो तर हरताळामुळे दुकान बंद. मग त्याच्या बायकोने मागच्या दाराने दोन डझन काढून दिल्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

“लालबागातले आज कोण कोण गेले?” कमलताईंनी विचारलं. आमच्या चाळीतली मालती माझ्याकडे न बघता म्हणाली, “आमच्या इथले टंडेल गेले. पाणी भरायला उठले तेव्हा मी स्वतः बघितलं.”

कमलताईंनी मान वळवली. “सुधा, तुझे वडील ना?”

“हो.”

“मग राहू दे गं. आपण दुसरीकडे जाऊ. मुलीसमोर बापाला कशाला...”

त्यांनी मला वाट दिली होती. एवढी वर्षं मी स्वतःला फसवत आले आहे की त्या वातावरणात माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. होता. ‘ताई, आत एक माणूस अडकलाय’ इतकं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कमलताई काही राक्षसीण नव्हत्या. पण सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, आणि उधाण, वायरी, कुणी दत्ताराम, हे सांगायला लागले तर बापाची वकिली केल्यासारखं दिसलं असतं. आणि आणखी एक, ते लिहायला हात जड होतो. ती नजर मला आवडली होती. मी म्हटलं, “दुसरीकडे कशाला? सुरुवात माझ्याच घरापासून होऊ दे. ताट मी धरते.”

आम्ही घोषणा देत जिना चढलो. गॅलरीत माणसं जमली. आमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि बाबा उंबऱ्याशी पाटावर बसून चहा पीत होते. गुडघ्यापर्यंत काळा चिखल सुकला होता. बार्ज भरतीला उचलला गेला होता, दत्ताराम बाहेर आला होता, आणि पुरुषमंडळी पंचनामा आणि पुढचं सगळं उरकायला तिकडेच थांबली होती. बाबा दत्तारामच्या बायकोला घेऊन घरी आले होते. मोरीच्या कडेला माझ्याच वयाची एक मुलगी पाठमोरी बसली होती. आई तिच्यासमोर उकिडवी बसून तिचे हात धुवत होती. शेजारी पेपरच्या तुकड्यावर हिरव्या काचा गोळा करून ठेवल्या होत्या. तिचं मुंबईत कुणी नव्हतं, म्हणून तिच्या हातातल्या बांगड्या आमच्या मोरीत आईने वाढवल्या होत्या, आणि त्याच रंगाच्या दोन डझन घेऊन मी दारात उभी होते.

बाबांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागून घोषणा सुरू झाली तशी त्यांनी मूठ वर केली. बायका गप्प झाल्या. त्यांना वाटलं, हा माणूस मारायला उठला. थांबा म्हणतोय हे तिथे मला एकटीला कळत होतं. ते उठले, बाहेर आले आणि मागे दार ओढून घेतलं. माझ्याजवळ येऊन, जन्मात कधी बोलले नव्हते एवढ्या हळू आवाजात म्हणाले, “घाल गो बाय. पण आवाज नको.” आणि दोन्ही हात पुढे केले.

मी घातल्या. ताट खाली ठेवून पळून जाता आलं असतं, पण नाही गेले. कासार दाबतो तसा त्यांचा अंगठा आत दाबून मी बांगडी चढवायला लागले. तो हात साखळ्या ओढून ओढून रुंद झालेला, पहिलीच बांगडी बोटांच्या सांध्यावर फुटली. तुकडे खाली फरशीवर पडतील म्हणून बाबांनी झटकन मूठ मिटली. काच आत रुतली असणार, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. दुसरी बांगडी मी बोटांवरच अडकवून ठेवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कमलताईंना भरून आलं होतं. “बघा, बाप शरमला,” त्या हलकेच म्हणाल्या. बाबा सगळ्यांना म्हणाले, “झाला मां? आता जावा, बायांनो.” आणि बायका जिना उतरल्या, त्यांच्याबरोबर मीही उतरले. घरात न जाता त्यांच्याबरोबर गेले, समितीच्या खोलीत बसून चहा प्यायले, शेव-पोहे खाल्ले. भूकही चांगली लागली होती.

दिवेलागणीला परतले तेव्हा आई पेज शिजवत होती. शेवंती, म्हणजे दत्तारामची बायको, भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, “भायर कसली काच फुटली म्हणून इचारी होती ती. पोरांचो चेंडू लागलो, असा सांगलंय.” त्यापुढे आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बाबांच्या तळव्याला हळदीची चिंधी होती. जहाजावर त्यांनी वायरीचा तुटका काटा लागला म्हणून सांगितलं. वायर हाताळणाऱ्याला असे काटे लागतातच, कुणाला शंका आली नाही. माझ्याशी ते नेहमीसारखेच होते. संध्याकाळी पेपर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, “वाच.” एक थोबाडीत मारली असती तर मी आज वेगळी बाई झाले असते, असं मला कधी कधी वाटतं, मग वाटतं, स्वतःच्या नादानपणाचं ओझं त्यांच्या हातावर कशाला टाकायचं. शेवंती चार दिवस आमच्याकडे होती. ते चारही दिवस मी कामाच्या निमित्ताने बाहेरच राहिले. तिचा चेहरा मला आज आठवत नाही, पाठ आठवते.

पुढे महाराष्ट्र झाला. दादरला एका सभागृहात समितीने कार्यकर्त्या मुलींचे सत्कार ठेवले. आई आली नाही. बाबा धुतलेला सदरा, काळी टोपी घालून सातव्या-आठव्या रांगेत बसले होते. कमलताईंनी प्रस्तावनेत सांगितलं की तत्त्वापुढे बापाची गय न करणारी मुलगी आपल्यात आहे, आणि मला म्हणाल्या, “तुझ्या शब्दांत सांग.” मी सांगितलं. छान बोलत होतेच मी. अंधारात निघालेले बाबा सांगितले, ताट सांगितलं, जिना सांगितला, मान खाली घालून हात पुढे करणारा बाप सांगितला. दाराच्या आतलं काही सांगितलं नाही. टाळ्या थांबेनात. कमलताई म्हणाल्या, “आणि ते वडील आज इथे बसले आहेत!” सगळं सभागृह मागे वळलं. बाबा गोंधळून उभे राहिले, टोपी काढली, आणि चारी दिशांना वळून त्यांनी नमस्कार केला.

घरी चालत आलो. परळ नाक्यापाशी बाबांनी टोपी काढून काखेत धरली. मग म्हणाले, “बरा बोललंस. मागसर आयकाक येत होता.”

मी रस्ता ओलांडायला पुढे झाले.

“दत्तारामाचा मात्र कायच सांगूक नाय ता? आणि शेवंतीचा?”

मी म्हटलं, “पाचच मिनिटं दिली होती, बाबा. वेळ पुरला नाही.”

“असात,” ते म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं. “फुडल्या खेपेक जरा जास्त येळ मागून घी.”

पुढची खेप महिन्याभरातच आली, गिरगावात. त्या दिवशी बाबांची पाळी होती, मी एकटीच गेले. या वेळी अर्धा तास होता. मी तीच गोष्ट सांगितली, तेवढीच, फक्त जिना जरा लांबवला. घरी आले तर बाबा जेवायचे थांबले होते. “सांगलंस मां?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हो, सांगितलं.”

त्यांना इतका आनंद झाला की आई चुलीपासून उठून बघायला आली. जेवणबिवण राहिलं, मला म्हणाले, “कार्ड घी.” शेवंतीला पत्र लिहायचं होतं. ते पाटावर मांडी घालून, एकेक वाक्य तोलून सांगत होते. तुझ्या घोवाचा नाव हंयसर मुंबयत मोठ्या सभेत घेतला. माझ्या चेडवान स्वता घेतला. शेकड्यांनी माणसां होती, सगळी आयकत होती. मी ते शुद्ध मराठीत करून शब्द न शब्द उतरवलं. बाबांनी विचारलं, बसला काय सगळा? मी म्हटलं, बसलं. अक्षर मी मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं होतं, म्हणजे तिला वाचून दाखवताना गावच्या मास्तरांना कुठे अडखळायला नको.